कलमतराश व त्याचा कागद

सुमारें बारा वर्षांपूर्वीं एका परिचित गृहस्थांच्या वाड्यांतील जुनें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. माडीवरच्या पेटाऱ्यांत तीन रुमाल होते. एकांत पोथ्या, दुसऱ्यांत हिशेबाचे बंद व तिसऱ्यांत किरकोळ चिठ्या. रुमालांच्या खालीं एक लांकडी कलमदान होतें. त्यांत दोन बोरू, वाळलेली दौत व एक मिटता चाकू होता. मूठ शिंगाची, पातें गंजलेलें. परंतु उघडतांना कमानीचा जोर अजून बोटांस जाणवत होता. आम्हीं तो उघडला, मिटला आणि परत कलमदानांत ठेवला. आम्ही कागदांसाठीं गेलों होतों. चाकू हा आपल्या कामाचा जिन्नस नव्हे, अशी आमची समजूत होती. तिन्ही रुमाल वाचावयास घरीं आणले. कलमदान पेटाऱ्यांतच राहिलें.

सात-आठ महिन्यांनीं तिसऱ्या रुमालांतील चिठ्या लावीत असतां मोडी अक्षरांतील आठ ओळींची एक चिठी हातीं लागली. ती एका लोहारास लिहिलेली होती. पातें चार बोटें असावें, मूठ सांबरशिंगाची असावी, कमान फार कडक नसावी कारण हात आतां थकला आहे, आणि पहिल्या चाकूचें पाणी उतरलें तसें ह्याचें होऊं नये, असा तिचा मजकूर होता. सन नव्हता, लोहाराचें नांव असावें तो कोपरा फाटलेला होता. आम्ही दुसऱ्याच दिवशीं त्या गांवीं गेलों. वाड्याची डागडुजी चालू होती व माडीवरचें अडगळीचें सामान महिन्यापूर्वींच भंगारवाल्यास देऊन टाकलेलें होतें.

चिठी आज आमच्याजवळ आहे, चाकू नाहीं. आणि ह्याहून वाईट गोष्ट ही कीं, तो चाकू ह्या चिठींतलाच होता असेंही आम्हांस म्हणतां येत नाहीं. पातें चार बोटें होतें कीं पांच, हें आम्हीं मोजलें नव्हतें. मूठ सांबरशिंगाची होती कीं म्हशीच्या शिंगाची, हें पाहिलें नव्हतें. पात्यावर कांहीं खूण होती काय, ह्याची चौकशीच केली नव्हती. हा दोष घरच्या मंडळींचा नाहीं, आमचा आहे. तो येथें कबूल करण्याचें कारण असें कीं, पोथ्यांचा व कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या अनेक स्नेह्यांकडून तोच दोष आजही घडत आहे. वस्तु व तिचा कागद एकमेकांपासून तोडले म्हणजे दोहोंचीही साक्ष अर्धी होते, एवढेंच ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांविषयीं. ‘चाकू’ हा शब्द आपल्याकडे तुर्की-फारसींतून आला; ‘सुरी’ मात्र संस्कृत ‘छुरिके’च्या कुळांतली. बोरू तासण्याच्या चाकूस फारसींत ‘कलमतराश’ म्हणतात, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजींतील ‘पेननाइफ’ ह्या शब्दाचाही मूळ अर्थ हाच. तेथें बोरूच्या जागीं पक्ष्याच्या पिसाची लेखणी होती. तेव्हां हा विषय पोथीसंग्राहकास परका नाहीं. बोरूनें लिहिलेल्या प्रत्येक पोथीच्या आधीं एक चाकू चालून गेलेला असतो. अक्षराची जाडी व वळण बरेंचसें त्याच्याच कापावर अवलंबून असतें.

मिटता चाकूही अर्वाचीन नव्हे. ऑस्ट्रियांतील हॉलस्टाट येथें हाडाच्या मुठीचा जो मिटता चाकू सांपडला, तो इ. स. पूर्वीं ६०० ते ५०० च्या सुमाराचा समजतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळचें, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एक चांदीचें मिटतें साधन आहे. त्यांत लोखंडी पात्याच्या जोडीला चमचा व कांटाही आहे. रचना दिसावयास सोपी. पातें, दोहों बाजूंच्या पट्ट्या, पात्याच्या मुळाशीं फिरती खीळ, आणि नेहमींच्या प्रकारांत पाठीशीं पोलादी कमान. परंतु करावयास तीच कठीण. पातें उघडें असतां आणि मिटलेलें असतां, अशा दोन्ही स्थितींत कमानीची पाठ मुठीच्या पाठीशीं समपातळींत आली पाहिजे. पात्याचें मूळ केसभर कमीजास्त घांसलें गेलें तर पातें डगमगतें, नाहीं तर बोटावर मिटतें. अखंड सुरी करणाऱ्या लोहारास मिटता चाकू साधेलच असें नाहीं.

असा चाकू सांगून करवून घेण्याचीं उदाहरणें अनेक असतील. परंतु ज्याचा कागद उत्तम राहिला आहे व ज्याचा आपल्या देशाशीं साक्षात् संबंध आहे असें एक उदाहरण आम्ही येथें घेतों. इ. स. १७९४ मध्यें मुंबईस असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे हिंदी पोलादाचे कांहीं नमुने धाडले. ह्या पोलादाचें नांव त्यांनीं ‘वूट्झ’ असें कळविलें व ह्या देशांत त्याला फार मान आहे असेंही लिहिलें. पुढील वर्षीं, म्हणजे इकडे खर्ड्याची लढाई झाली त्याच १७९५ सालीं, जॉर्ज पिअर्सन यांनीं त्या नमुन्यांची परीक्षा करून आपला निबंध सोसायटीपुढें मांडला. परीक्षेचा एक भाग म्हणून अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट ह्या लंडनच्या चाकूकारानें त्या पोलादाचा एक कलम तासण्याचा चाकू घडविला. अंधारांत लाली दिसेल इतक्याच तापावर त्यानें तें पोलाद ठोकलें. धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच बारीक आली. घडविण्याचे श्रम फार पडले, तरी पुष्कळ कामांना हें पोलाद इंग्लंडांत वापरांत असलेल्या पोलादाहून सरस आहे, असें स्टोडार्टचें मत झालें. ह्याच स्टोडार्टनें पुढें मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग करून १८२० व १८२२ मध्यें निबंध प्रसिद्ध केले. एका चाकूच्या मागणीपासून निघालेली वाट कोठवर गेली हें ह्यावरून दिसेल.

आतां ह्या चाकूविषयीं आपणांस काय ठाऊक आहे तें पहावें. तो कोणाच्या इच्छेवरून झाला, कोणीं केला, कोणत्या वर्षीं, कशाचा, किती तापावर, व धार कशी आली, हें सर्व कागदावर आहे. ज्या लोहाराच्या मुशींतून तें पोलाद निघालें, त्याचें नांव मात्र नाहीं. आणि त्याचा गांव तर चुकीचा नोंदला गेला आहे. पिअर्सनच्या निबंधाच्या मथळ्यांतच हें पोलाद ‘मुंबईस तयार होणारें’ असें म्हटलें आहे. मुंबई हें तें पोलाद जहाजावर चढण्याचें ठिकाण. मुशींच्या भट्ट्या दक्षिणेंत, तेलंगण, कर्नाटक व तमिळ देशांत होत्या. ‘वूट्झ’ हें नांव तरी कानडी ‘उक्कु’ म्हणजे पोलाद ह्या शब्दाचें ऐकण्यालिहिण्यांत बिघडलेलें रूप होय, असें बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांत कोनसमुद्रम् म्हणून गांव आहे. तेथील पोलादाच्या कामाचें हेन्री वॉयसी यांनीं केलेलें वर्णन १८३२ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. इराणी व्यापारी थेट तेथें येऊन पोलाद नेत, असें त्यावरून समजतें. बंदराचें नांव मालास चिकटलें व गांव मागें पडला. पोथ्यांच्या बाबतींत हाच प्रमाद आपण रोज पाहतों. पोथी ज्या दुकानांत मिळाली तें शहर तिची जन्मभूमि म्हणून सूचींत चढतें, आणि ती जेथें लिहिली गेली तो गांव कायमचा हरवतो.

कारागिराचें नांव न लिहिण्याची आपली रीति फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा अध्याय आहे. त्यांत खड्गाचीं शुभाशुभ चिन्हें सांगितलीं आहेत, आणि शस्त्रास पाणी देण्याचे विधिही आहेत. त्यांतील एका विधीचें मूळ उशनसापर्यंत नेऊन त्याचें नांव ग्रंथकारानें आदरानें घेतलें आहे. परंतु शस्त्र ज्यानें घडविलें त्या लोहाराचें नांव येत नाहीं. शास्त्र सांगणाऱ्याचें नांव राहतें, हातानें करणाऱ्याचें जातें. ह्या बाबतींत पोथी लिहिणारा लेखक अधिक भाग्यवान् ठरला. मान, पाठ व कंबर मोडून लिहिलेली ही पोथी जतन करा, अशी विनवणी तो पुष्पिकेंत करतो आणि बहुधा आपलें नांव, गांव व शक घालतो. त्या दोन ओळींवर आमच्या कालनिर्णयाची निम्मी इमारत उभी आहे. चाकूला पुष्पिका नसते; त्याची पुष्पिका म्हणजे पात्यावरची खूण आणि तो सांगतांना लिहिलेला कागद.

खुणेचा बंदोबस्त युरोपांत बराच पूर्वीं झाला. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें हॅलमशर प्रांताच्या चाकूकारांचा संघ स्थापन झाला. उस्तादांच्या खुणा नोंदविणें व एकाची खूण दुसऱ्यानें वापरूं नये हें पाहणें, हें त्याचें एक मुख्य काम होतें. परंतु ह्या खुणेनेंही हात ओळखतां येत नाहीं. शेफील्डांत पातें ठोकणारा एक, त्यास धार लावणारा दुसरा, मूठ बसवून चाकू जुळविणारा तिसरा, अशी कामाची वांटणी असे. खूण मात्र उस्तादाची अथवा पेढीची. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत जोसेफ रॉजर्स अँड सन्स ह्या पेढीनें ७५ पातीं व हत्यारें असलेला जो प्रचंड नॉरफोक चाकू मांडला, तो पेढीच्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. त्यावर ज्यांनीं श्रम केले ते कामगार त्या पेढीच्या नांवामागें झांकले गेले.

ह्या परिस्थितींत खरा पालट अमेरिकेंत झाला व तो आमच्या हयातीतला आहे. १९७० सालीं तेथें हातानें चाकू करणाऱ्यांचा एक गिल्ड निघाला. १९७३ मध्यें त्याच्या प्रदर्शनांत विल्यम मोरन यांनीं लोखंड-पोलादाचे थर तापवून जोडलेलीं दमास्कस पद्धतीचीं पातीं मांडलीं, आणि ती जवळजवळ बुडालेली विद्या पुन्हां चालू झाली. हें थरांचें पोलाद व आपल्याकडील मुशीचें पोलाद हीं दोन निराळीं आहेत, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें १९७६ मध्यें अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. मिटत्या चाकूंत मायकेल वॉकर यांनीं १९८० च्या सुमारास आंतील अस्तराच्या पट्टीसच कमानीचें काम दिलें. पातें पूर्ण उघडतांच ती पट्टी आंत सरकून त्याच्या मुळाशीं अडते, व पातें आपोआप मिटत नाहीं. ह्या युक्तीचें पूर्वरूप १९०६ च्या एका अमेरिकन पेटंटांत आहे. परंतु तिला आजचें सफाईदार रूप वॉकर यांनीं दिलें.

ह्या कारागिरांचा विशेष असा कीं, त्यांतील पुष्कळजण पातें ठोकण्यापासून खीळ बसविण्यापर्यंत सर्व काम एकहातीं करतात आणि पात्यावर आपलें नांव घालतात. मागणी देणारा पात्याची लांबी, पोलादाची जात, मुठीचा पदार्थ (शिंपला, शिंग, किंवा उत्तरेकडील बर्फांत पुरलेल्या मॅमथचा सुळा) व अडणीचा प्रकार पत्रानें ठरवितो. नामांकितांकडे कित्येक वर्षें वाट पहावी लागते. चाकू हातीं येतो तेव्हां त्याच्यासोबत पत्रव्यवहारही जमलेला असतो. सुज्ञ संग्राहक तो पत्रव्यवहार चाकूबरोबरच ठेवतात, आणि चाकू विकला तर कागदही नव्या धन्याकडे जातात.

येथें कोणी म्हणेल, पात्यावर नांव आहे, मग कागदाचें काय काम? ह्याचें उत्तर तरवारींनीं पूर्वींच देऊन ठेवलें आहे. इस्फाहानच्या असदुल्लाचें नांव असलेलीं पातीं इतकीं आहेत व त्यांवरील साल इतक्या दीर्घ काळांत पसरलेले आहेत, कीं तीं सर्व एका माणसाच्या हातचीं असणें शक्य नाहीं. स्कॉटलंडांतील तरवारींवर अँड्रिया फेरारा ह्या इटालियन उस्तादाचें नांव सर्रास आढळतें; त्यांतील बरीच पातीं जर्मनींत झालेलीं आहेत. नांवाला किंमत आली कीं खोटें नांव त्याच्या पाठोपाठ येतें. म्हणून नांव ही साक्ष खरी, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊं नये.

नोंद जतन केल्यानें काय साधतें ह्याचेंही एक उदाहरण आहे. बर्न येथील ऐतिहासिक संग्रहालयांत हेन्री मोझर यांचा पौर्वात्य शस्त्रांचा मोठा संग्रह आहे. त्यांतील कांहीं दमास्कस तरवारींचे तुकडे शास्त्रीय परीक्षेसाठीं देण्यांत आले व झ्शोके नांवाच्या अभ्यासकानें त्यांवर १९२४ मध्यें लेख लिहिला. उरलेले तुकडे संग्रहालयानें फेंकून दिले नाहींत. सत्तर वर्षांनंतर अमेरिकेंतील धातुशास्त्रज्ञ व्हरहोव्हेन व लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनीं हिंदी मुशीच्या पोलादावरील लहरींचें कोडें हातीं घेतलें, तेव्हां तेच तुकडे पुन्हां परीक्षेस उपयोगी पडले. व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अत्यल्प अंशामुळें तापवतां-ठोकतांना कार्बाइडाचे कण ओळींनीं जमतात व त्यांची लहर दिसते, असा निष्कर्ष त्यांनीं १९९८ मध्यें मांडला. पेंड्रे यांनीं तसलीं पातीं प्रत्यक्ष करूनही दाखविलीं. कोणता तुकडा कोणत्या तरवारीचा, ही नोंद मधल्या काळांत हरवली असती, तर त्या तुकड्यांची किंमत गंजक्या लोखंडाइतकीच राहिली असती.

हें सर्व वाचून झाल्यावर आपणही एक चाकू सांगून करवून घ्यावा असें आमच्या मनांत आलें. गेल्या वर्षीं जवळच्या बाजारगांवांतील एका लोहारास आम्हीं बोरू तासण्याजोगा मिटता चाकू सांगितला. माप आमच्या त्या जुन्या चिठींतलेंच दिलें. पातें त्यानें एका झिजलेल्या कानशीचें केलें. कानस प्रथम तापवून राखेंत सावकाश निववली, म्हणजे ती घांसण्याजोगी मऊ झाली. मग आकार देऊन, तापवून तेलांत विझविली. आणि पुन्हां मंद तापवून पात्यावर गवती पिवळी झांक येतांच थांबविली. कमानीला निळी झांक येईपर्यंत ताप दिला. पहिली कमान दोनदां उघडझांप करतांच तुटली, तिसरी बसली. पैसे देतांना आम्हीं पात्यावर नांव घालण्यास सांगितलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “नांव कशाला, मास्तर? चाकू चालला म्हणजे झालें.” आम्हीं आग्रह धरला. त्यानें नांवाचें आद्याक्षर व साल छिन्नीनें उठविलें आणि थोडा वेळ तें उलटसुलट करून पाहिलें. त्यानंतर दोन कागद केले. कोणीं कोणास सांगितला, कशाचा केला, किती दिवस लागले, काय किंमत पडली, व दोन कमानी तुटल्या, हें सर्व त्यांत लिहिलें. एक कागद त्याजकडे, एक आमच्याकडे.

आतां आमच्या संग्राहक बंधूंस विनंती. दप्तर पाहतांना कलमदान उघडावें. चाकू मिळाल्यास पात्याची व मुठीची लांबी मोजावी, मुठीचा पदार्थ व खिळांची संख्या लिहावी, आणि पात्याचें मूळ दोन्ही बाजूंनीं उजेडांत धरून खूण पहावी. शिकलगाराकडून तो घांसून चकचकीत करूं नये. गंजाबरोबर खूण व पोलादाची लहर दोन्ही जातात. तो कोणत्या रुमालाशेजारीं होता हें तेथल्या तेथें टिपावें. नवा चाकू करवून घेतल्यास मागणीचें पत्र व कारागिराचें उत्तर त्याच्यासोबत ठेवावें. ह्यास खर्च कांहीं नाहीं. वेळ अर्ध्या घटकेचा.

आमच्या जुन्या चिठींतील लोहाराचें नांव आतां मिळणें कठीण. ज्याच्या थकलेल्या हातासाठीं त्यानें कमान सैल ठेवावयाची होती, तो हात कोणाचा हेंही कळत नाहीं. त्या मापाचा नवा चाकू व त्याचा कागद आम्हीं त्या चिठीशेजारीं एकाच रुमालांत बांधून ठेविला आहे. रुमालावर स्वच्छ अक्षरांत लिहिलें आहे कीं, चिठी जुनी, चाकू नवा. पुढें कोणीं दोहोंचा संबंध जुना समजूं नये.